चला की, मालक!

पाहुणा पुण्याचा असो की मुंबईचा, अण्णा त्याला स्टेशनवरच सांगून टाकतात, "सोलापुरात बघायला काय हाय? ऊन हाय, धूळ हाय, अन् आम्ही हाव." पाहुण्यानं यावर नुसतं हसायचं असतं. चुकून त्यानं "हो ना, तसं इथं काही नाहीच" अशी री ओढली की संपलं. पुढचे तीन दिवस तो पाहुणा राहत नाही, अण्णांचा कैदी होतो. सोलापूरला नावं ठेवायचा हक्क फक्त सोलापूरकराचा. बाहेरच्यानं तो वापरला तर शिक्षा एकच, पोट फुटेपर्यंत सोलापूर दाखवणे.

हे अण्णा आमच्या गल्लीतले असले तरी तुमच्याही पेठेत असणारच. नवी पेठेत आहेत, साखर पेठेत आहेत, विजापूर रोडच्या सोसायट्यांत तर बिल्डिंगमागे एक आहेत. वय पन्नास ते पासष्ट. नोकरीतून निवृत्त झालेले, नाहीतर चादरीचा धंदा पोराच्या हवाली केलेले. डोक्याला टॉवेल, खिशात सुपारी, मोबाईलवर 'चला की मालक' नावाचा ग्रुप. या ग्रुपवर इतरांनी शुभ सकाळ टाकलेलं अण्णांना चालत नाही. तिथं फक्त प्लॅन चालतो.

प्लॅनची घटना कधी लिहून काढलेली नाही, पण ती सगळ्यांना पाठ आहे. गाडी दुसऱ्याची, डबा वहिनींचा, पेट्रोल सगळ्यांचं आणि हुकूम अण्णांचा. मुहूर्त काढणं हे मात्र सोपं काम नाही. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं सहलीचा दिवस पंचांगात सापडत नाही. मास्तरांच्या भागात बुधवारी पाणी, वकीलसाहेबांकडं गुरुवारी पहाटे, यंत्रमागवाल्या मित्राकडं कधी सुटेल ते सांगता येत नाही. घरात पाणी यायचं आणि कर्ता पुरुष नळदुर्गला धबधबा बघायला गेलेला, हे कुठल्या संसारात खपेल? त्यामुळं अण्णांच्या डोक्यात अख्ख्या शहराचं पाण्याचं वेळापत्रक असतं. एवढा हिशेब त्यांनी नोकरीत केला असता तर साहेब म्हणून निवृत्त झाले असते.

वर्ष सुरू होतं ते गड्ड्याच्या यात्रेपासून. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे उभे राहतात आणि अण्णांच्या अंगात येतं. सात नंदीध्वजांची मिरवणूक, ते पेलणारी बाराबंदीतली माणसं, रस्त्याच्या दोन्ही कडेला उभा असलेला पांढराशुभ्र गाव, 'हर्र बोला हर्र'चा गजर. हे बघताना अण्णा खरोखर गप्प होतात. संमती कट्ट्यावर अक्षता पडेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. अक्षता पडल्या की पहिला शब्द निघतो, "भजी."

संध्याकाळी गड्ड्यात शिरल्यावर अण्णांचं खरं रूप दिसतं. ते स्वतः पाळण्यात कधीच बसत नाहीत. ते खाली थांबतात, दोन्ही हातांत सगळ्यांच्या पिशव्या, काखेत कुणाच्या तरी पोराचा फुगा, पायाशी चपलांची रांग. तिथून ते वर गेलेल्यांना सूचना देत राहतात. "घट्ट धर बे! खाली बघू नगंस! वहिनी, डोळं मिटा!" पाळण्यात बसलेल्यांना उंचीपेक्षा अण्णांच्या ओरडण्याचीच भीती जास्त वाटते. 'मौत का कुआं'त मात्र ते सगळ्यांच्या पुढं. लाकडी भिंतीवर मोटारसायकल घुमायला लागली की अण्णा कठड्यावर वाकून त्या पोराला नोट दाखवतात आणि त्यानं ती हातातून उचलली की वर्षभर सांगतात, "आपल्याकडनंच घेतली बघा."

पण अण्णांची खरी राजधानी म्हणजे हुरडा. गड्डा उठेपर्यंत ज्वारीचं कणीस दुधाळलेलं असतं. हल्ली शहराबाहेर हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात. माणशी तिकीट, झोके, बैलगाडीची चक्कर आणि मोठ्या स्पीकरवर गाणी. अण्णांना हे बघून त्रास होतो. "हुरड्याला तिकीट? उद्या चटणीला जीएसटी लावतील." त्यांचा एक हक्काचा शेतकरी आहे मंगळवेढ्याकडं. म्हणजे त्या शेतकऱ्याला हक्काचे अण्णा आहेत, पण सांगतो कोण? त्या भल्या माणसानं मालदांडीच्या रानाच्या कडेला दोन ओळी गुळभेंडी वेगळी पेरलेली असते, केवळ 'सोलापूरची मंडळी' येतात म्हणून. मंडळी सातला निघणार असतात, पोचतात साडेअकराला. वाटेत चहा होतो, मग त्या चहावर चहा होतो.

जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटते आणि अण्णा तिच्यासमोर बैठक मारतात. आता तिथं दुसऱ्यानं हात घालायचा नाही. कणसं निखाऱ्यात खुपसणं, वास आला की फिरवणं, बाहेर काढून तळहातावर चोळणं, फुंकर मारून कूस उडवणं हे सगळं एकट्या अण्णांच्या हातचं. कणीस एवढं तापलेलं असतं की तुमच्याआमच्या हातात दोन सेकंद टिकणार नाही. अण्णा बोलता बोलता चोळत राहतात आणि हिरवा, वाफाळता दाणा वर्तमानपत्रावर ओततात. बाजूला शेंगाची चटणी असते. तिचं तेल कागदाच्या पलीकडं जाऊन पार संपादकीयापर्यंत पोचलेलं. शिवाय दही, गूळ, शेव आणि पोरांनी झाडाखालून गोळा केलेली बोरं. कुणी शहाणा म्हणाला की मला पुरे, तर अण्णा त्याच्याकडं असं बघतात की तो मुकाट्यानं पुढचा कागद ओढतो. निघताना शेतकरी जाच नको म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे टाकतो आणि अण्णा त्याला ऐकवतात, "यंदा पीक जरा विरळच दिसायलंय मालक." त्या माणसाची सहनशक्ती शेतीनंच कमावलेली, दुसरं काय.

याच दिवसांत नान्नजची फेरी होते. नान्नजला 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. कागदावर ते एके काळी 8,496 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचा मोठा भाग त्यात गेला होता. माणसाला घर बांधायचं तरी माळढोकाला विचारावं लागेल अशी परिस्थिती होती. पुढं ते बरंच कापलं गेलं. पक्षी त्याआधीच कमी झाले होते. माळढोक आता इतका दुर्मीळ की दिसला तर बातमी होते. अण्णांनी मात्र तो पाहिला आहे. कधी, ते विचारायचं नाही. पक्ष्याची उंची दरवर्षी चार बोटं वाढते. पाहुण्यांना शेवटी काळविटांचा कळप दिसतो, तोही सुंदरच दिसतो, आणि मग गाडी आपोआप द्राक्षांच्या बागेकडं वळते. नान्नजची द्राक्षं तर अण्णांना पाठच आहेत. दुर्बीण गळ्यात, द्राक्षाची पेटी मांडीवर, असं आमचं पक्षीनिरीक्षण संपतं.

उन्हाळ्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. पारा चव्वेचाळीसकडं सरकला की अण्णा दिवसा दिसत नाहीत. रात्री आठनंतर पार्क चौपाटीवर किंवा सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर उगवतात. एका उन्हाळ्याच्या शेवटी मात्र त्यांना भर दिवसाची सहल घडली. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमानांच्या वाटेत ती येत होती आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला होता. अर्धा गाव पाडा म्हणायचा, अर्धा नको म्हणायचा. अण्णा दोन्ही पक्षांत नव्हते. ज्याच्या गच्चीवरून नीट दिसतं त्याच्या पक्षात होते. सकाळपासून गच्चीवर चादरी अंथरल्या, ताकाचा माठ आला, चिवडा आला. चिमणी वाकली, धूळ उठली आणि अण्णांनी डोक्याचा टॉवेल काढला. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं की धूळ, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पावसाळा म्हणजे नळदुर्ग. बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. आदिलशाहीतल्या कारागिरांनी धरणाच्या भिंतीतच महाल बांधला. वरून पाणी पडतंय आणि आत बसलेल्याच्या अंगावर थेंब नाही. अण्णांची एवढीच तक्रार की आत बसून खायची सोय केली नाही. धरण भरलं का नाही याची बातमी काढायला जुलैपासून त्यांचा नळदुर्गच्या एका टपरीवाल्याला रोज फोन असतो. "पडायलाय का?" एवढाच. तिकडून "थोडा थोडा" आलं तरी प्लॅन तयार. गेलो तेव्हा नर पडत असतो तर मादी नाही, मादी पडते तर रविवारची अशी गर्दी की धबधब्यापेक्षा डोकी जास्त दिसतात. अण्णा समाधानी असतात. पावसात भिजलेलं कणीस तिखट-मीठ लावून हातात आलं की त्यांच्या लेखी पाणीमहाल पाहून झाला.

परगावच्या शिकलेल्या पाहुण्यासाठी अण्णांकडं राखीव पान आहे, हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना तिथं भेटतात. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. शिलालेखांचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतला आद्य शिलालेख हाच की अक्षीचा, यावर विद्वानांत वाद आहे, अण्णांत नाही. पुण्याचा पाहुणा 'पण श्रवणबेळगोळ...' असं म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात अण्णा त्याला शेजारच्या देवळात ओढतात. तिथं एकाच शिवलिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत. अण्णा त्याला मोजायला लावतात. पाहुणा चष्मा पुसतो, वाकतो, बोटानं मोजत शंभरापर्यंत पोचतो आणि नेमकं तेव्हाच झाडाखालून आवाज येतो, "धपाटे गार व्हायलेत!" सगळी मुखं मोजून झालेला पाहुणा अजून जन्माला यायचाय. माझा संशय आहे की अण्णांनीही ती कधी मोजलेली नाहीत.

कोजागिरीला सोलापूर तुळजापूरला चालत जातं. रूपाभवानीला नमस्कार करून साधारण 45 किलोमीटर, रात्रभर. हजारो माणसं, चांदणं आणि आईराजाचा उदो उदो. अण्णाही जातात, आणि यात थट्टा नाही, भक्तीनं जातात. फक्त त्यांचं अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. वाटेवर ठिकठिकाणी भाविकांसाठी चहा, केळी, उपीट, दूध वाटणारे मंडप असतात. अण्णा एकही मंडप नाराज करत नाहीत. देवीपुढं पोचतात तेव्हा उजाडलेलं असतं, पाय सुजलेले असतात, आणि वजन निघताना होतं त्यापेक्षा थोडं वाढलेलं असतं.

आता नवी भानगड म्हणजे विमान. जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुटायला लागलं. अण्णा गोव्याला गेलेले नाहीत. ते विमान बघायला जातात. ओळखीतला कुणी चढणार असेल तर त्याला सोडायला तीन गाड्या निघतात. विमान उडालं की मंडळी रस्त्याकडेला वडापाव खाऊन परततात. समुद्रापेक्षा हे स्वस्त पडतं आणि संध्याकाळी पाणी भरायला घरीही पोचता येतं.

या सगळ्यात एक जागा कायम राहून जाते. भुईकोट किल्ला अण्णांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खंदक, बुरूज, बाग, सगळं जागच्या जागी. शाळेच्या सहलीनंतर अण्णांनी त्यात पाऊल ठेवलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "किल्ला कुठं पळून जाणारय बे?" वहिनी सांगतात, लग्नानंतर पहिल्यांदा कुठं जायचं म्हणून त्यांनी किल्लाच मागितला होता. त्या ऐवजी हुरड्याला नेलं.

सोलापूरला यायचं तुमच्या मनात असेल तर संक्रांतीच्या आठवड्यात या. गड्डा, हुरडा आणि अंगावर घेण्यासारखी थंडी तिन्ही एकदम मिळतात. राहायची सोय आधी बघा, त्या दिवसांत गाव पाहुण्यांनी भरलेलं असतं. सकाळी नाश्ता करून बाहेर पडू नका. आणि जमलं तर स्वतःची गाडी आणा, पेट्रोल भरून.