फी माफ, पण घर सांभाळून शिकणारीला नाही

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने एक चांगलं काम केलं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. इंजिनिअरिंगला, फार्मसीला जाणाऱ्या कितीतरी पोरींच्या आईबापांचा जीव भांड्यात पडला. माझं भांडण त्या निर्णयाशी नाही, त्याच्या कुंपणाशी आहे. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच ही माफी. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणारी बाई कुंपणाबाहेर.

अंगणवाडी सेविकेचंच घ्या. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी हवी, आणि हिचं बारावी होताच लग्न झालेलं. सकाळची अंगणवाडी, पोषण आहाराचा हिशेब, मोबाइलवर भरायची माहिती, घरचं रांधणं-वाढणं. यातून रोज कॉलेजात जाऊन बसणार कधी? ती मुक्त विद्यापीठात नाव घालते. महा ई-सेवा केंद्रात अर्ज भरायला गेली की पहिली अडचण नावाची: मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं. मग विवाह नोंदणीचा दाखला आणा, नाहीतर राजपत्र. ते जमलं की फी, तीही मानधनातून. मानधन थकलेलं असलं म्हणून प्रवेशाची शेवटची तारीख थांबत नाही. पुढे अभ्यासकेंद्रावरची संपर्क सत्रं, म्हणजे एस.टी.चं भाडं आणि सुट्टीचा एकुलता दिवस.

हे विद्यापीठ सरकारनेच कायदा करून १९८९ साली नाशिकला काढलं, यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं, राम ताकवल्यांसारखा माणूस पहिला कुलगुरू म्हणून आणला. ब्रीद ठेवलं ‘ज्ञानगंगा घरोघरी’. मग घरी राहून शिकणारीला हात आखडता का?

केंद्राचंही तेच. बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या, बेताच्या उत्पन्नाच्या मुलांना पदवीसाठी जी केंद्रीय शिष्यवृत्ती मिळते, तिच्या अटींत स्पष्ट लिहिलंय: नियमित अभ्यासक्रम हवा, पत्रद्वारा किंवा दूरशिक्षण चालणार नाही. आणि याच केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. पदवी बरोबरीची असेल तर ती मिळवणारा विद्यार्थीही बरोबरीचाच धरला पाहिजे. देशातले सुमारे ४५ लाख विद्यार्थी असे शिकतात. उच्च शिक्षणातला साधारण प्रत्येक दहावा.

‘ते कमावतात, त्यांना कशाला मदत?’ हा युक्तिवाद मंत्रालयापासून पारापर्यंत ऐकू येतो. मला तो अजिबात पटत नाही. कमावतात म्हणजे घर चालवतात. शिवाय गरज कुणाची हे ठरवायला उत्पन्नाचा दाखला आहे की. वर्षाला साडेसात लाख मिळवणाऱ्या बापाच्या लेकीला फी माफ करता, ते योग्यच. मग मानधनावर जगणाऱ्या बाईला तोच दाखला, तोच नियम लावा.

आणि हे जमण्यासारखं आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत पत्रद्वारा शिकणाऱ्यांना फीचा परतावा आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० रुपये अशी तरतूद होती. म्हणजे वाट आधीच पाडलेली आहे, ती सगळ्या गरजूंसाठी रुंद करायची. वेल्सने तर २०१८ पासून अर्धवेळ शिकणाऱ्यांना फीच्या कर्जावर न थांबता राहणीमानाच्या खर्चालाही मदत सुरू केली. घरून मुक्त विद्यापीठात शिकणारेही त्यात आले. आपल्याकडचे बरेचसे निर्वाह भत्ते मात्र वसतिगृहाशी नाहीतर भाड्याच्या खोलीशी बांधलेले. पोरंबाळं घेऊन स्वतःच्या घरात शिकणारीचा निर्वाह कुठल्याच रकान्यात बसत नाही.

येत्या अर्थसंकल्पात उच्च शिक्षण विभागाने शुल्कमाफीच्या यादीत मुक्त विद्यापीठाचे पदवी अभ्यासक्रम घालावेत. ते होईपर्यंत फी हप्त्याने घ्यावी. परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा सरकारने आधी आपल्याच मानधनी आणि कंत्राटी लोकांना द्यावी. आणि अभ्यासकेंद्र ज्या कॉलेजात आहे, तिथलं ग्रंथालय रविवारी दिवसभर उघडं ठेवावं, कारण या विद्यार्थ्यांना यायला दुसरा वार मिळत नाही.