आजोबा, जरा बाजूला व्हा!

(इटलीतल्या मानारोलाच्या डोंगरात दगड रचणाऱ्या एका वयस्कर शेतकऱ्यास अनावृत पत्र)

आदरणीय आजोबा,


तुमचं नाव मला माहीत नाही. विचारणार होतो, पण संध्याकाळच्या गाडीआधी अजून दोन गावं उरकायची होती. ओळख पटावी म्हणून सांगतो. एप्रिलमधल्या त्या शनिवारी मानारोलाच्या वरच्या पायवाटेवरून पांढरी टोपी घातलेला एक माणूस तुम्हाला हातवारे करून बाजूला व्हायला सांगत होता, तो मी. तुम्हाला वाटलं, नमस्कार करतोय. तुम्हीही हात हलवलात आणि पुन्हा वाकून दगड बसवायला लागलात. परिणामी आमच्या सतरा फोटोंत खाली निळा समुद्र, मधे गुलाबी-पिवळी घरं आणि ऐन मोक्याच्या जागी तुमची पाठ आली आहे.

ही तक्रार नाही. तक्रारी पुढे आहेत.

आम्ही मिलानला राहणारी चार मराठी कुटुंबं. तिथून आगगाडीने तीनेक तासांत तुमच्याकडे पोचता येतं, म्हणून ठरवलं, की शनिवार-रविवारात चिंक्वे तेर्रे ‘करून’ टाकायचं. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. पाच गावं, दोन दिवस, म्हणजे दर गावाला अडीच तास, जेवण धरून. गाडी बोगद्यातून निघते, समुद्र दिसतो, कोणीतरी ‘बघ बघ’ म्हणतं, तोवर पुढचा बोगदा. पोर्तोव्हेनेरेसमोरची पाल्मारिया, तीनो आणि तीनेत्तो ही बेटंही तुमच्याबरोबरच १९९७ साली युनेस्कोच्या यादीत गेली आहेत असं कळलं, तेव्हा ती बोटीतून लांबून पाहिल्यासारखी केली. तीनोवर तर लष्कराचा ताबा आहे. म्हणजे कॉफीची सोय नसणार.

आता तक्रारी. पहिली कोर्निल्याबद्दल. बाकीची चार गावं शहाण्यासारखी समुद्रापाशी बसली आहेत, हेच एक कड्यावर जाऊन बसलंय. स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या! आमच्यातले दोघे तिसाव्या पायरीवरून परतले आणि घरी ‘कोर्निल्या पाहिलं’ असं सांगू लागले. तेही खोटं नाही, खालून दिसतं.

दुसरी चपलांची. तुमच्या डोंगरवाटांवर सपाता घालून जायचं नाही, नाहीतर ५० ते २,५०० युरो दंड, असा इशारा २०१९ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला होता. ज्या देशात वारीला अनवाणी जातात, त्या देशातल्या माणसाला तुम्ही बूट घालायला लावता? (मित्राचा पाय मुरगळला, तो या मुद्द्याशी संबंधित नाही.)

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे. तुमच्या द्राक्षांची ती गोड वाइन, शाक्केत्रा. दुकानदारीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेंतीनो या जातींची द्राक्षं सप्टेंबरात तोडायची, सावलीत पसरायची आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत सुकू द्यायची. मनुका होत आल्या की हाताने देठ काढून रस काढायचा. शंभर किलो द्राक्षांतून जेमतेम पंचवीस-तीस लिटर. आमच्या तासगावात द्राक्षं सुकवून बेदाणा होतो आणि किलोवर मिळतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. अर्ध्या बाटलीची किंमत ऐकल्यावर मी ती दोन्ही हातांनी धरून फडताळात परत ठेवली आणि द्राक्षमळ्याचं चित्र असलेलं फ्रिजवर लावायचं चुंबक घेतलं. डोंगर छान आलाय त्यात. तुम्ही नाही आहात.

आणि आता मुख्य मुद्दा, भिंतींचा.

तुमचा अख्खा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा आहे आणि दर पायरीला दगडाची भिंत. हजारेक वर्षांचं काम. ना सिमेंट, ना चुना. मोठ्या दगडावर मोठा दगड, सांदीत छोटे, मागे कपच्यांची भर. पाणी भिंतीतून झिरपून निघून जातं, म्हणून भिंत टिकते. ते अडलं की पोट फुगतं आणि भिंत बसते. वेली इतक्या बुटक्या मांडवांवर, की काम करणाऱ्याला गुडघ्यांवर रांगावं लागतं. पूर्वी बायका द्राक्षांच्या टोपल्या डोक्यावरून उतरवायच्या, आता कुठे कुठे एका रुळावरची इवलीशी गाडी चढावरून घरघरत जाते. २०१८ साली युनेस्कोने या कोरड्या भिंती रचण्याच्या कलेलाही मानाचं पान दिलं, तुमच्यासह आठ देशांना मिळून. हे सगळं मला माहितीफलकावरून कळलं, म्हणजे बायकोने तो वाचला तेव्हा.

आमचं म्हणणं इतकंच, की हा डोंगर आता आमच्या पाहण्याचा आहे, तर तो नीट ठेवायला नको? कितीतरी ठिकाणी भिंती ढासळल्यात, वेलींच्या जागी झुडपं माजली आहेत. एके काळी हजारावर हेक्टर द्राक्षं होती म्हणे, आता शंभरेक उरली. कारण काय, तर जवळच्या ला स्पेत्सियाला नौदलाची गोदी झाली, महिन्याच्या महिन्याला पगार मिळायला लागला आणि तुमच्याकडची तरणी माणसं डोंगर उतरून गोदीत गेली. पुढे वेलींची मुळं खाणारी कीड आली. उरलेल्यांच्या मुलांना कळलं, की खालची एक खोली शनिवार-रविवारी आमच्यासारख्यांना भाड्याने दिली, तर डोंगरावर वर्षभर रांगण्यापेक्षा बरं पडतं. वाडवडिलांनी रचलेलं असं सोडून जातं का कोणी?

(माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. तो विषय वेगळा आहे.)

परिणाम काय झाला ते तुम्हाला मी सांगायला नको. २५ ऑक्टोबर २०११ला काही तासांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. वेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं-घरं गाळात बुडाली. तिथली तीन माणसं गेली, मोंतेरोस्सोतलं एक. पुढे अभ्यासकांनी डोंगर तपासला, तर कसणं सोडून दिलेल्या पायऱ्या घसरण्यात पुढे होत्या. म्हणजे वरची भिंत गेली, की नुसती द्राक्षं जात नाहीत, खालचं गाव जातं. आणि खालच्या गावात आम्ही आइस्क्रीम खात असतो. एवढी मोठी जबाबदारी असताना तुमच्या वयाचे लोक एकेकटे काम करत बसतात, हे योग्य आहे का? ग्रोप्पोला तुमची सहकारी संस्था आहे. सहकार म्हटल्यावर आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांचे कान टवकारतात. पण तिथे म्हणे शेतकरी द्राक्षं देतात आणि संस्था वाइन करते. एवढंच. चेअरमनसाहेबांचा फलक कुठे दिसला नाही.

तर हे पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की तो बिघडलेला फोटो मी चुकून आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. बहिणीने लाल बदाम पाठवला, काकांनी ‘सुप्रभात’ची फुलं. बाबांचा मात्र फोन आला.

बाबा राजापूर तालुक्यात आमच्या गावी असतात. मुंबईतली नोकरी संपल्यावर परत गेले, वय ७८. आमची काजूची आणि आंब्याच्या कलमांची उताराची बाग आहे, तिला पणजोबांनी घातलेला गडगा. असाच, कोरडा. दोन पावसाळ्यांपूर्वी तो अकरा हात खचला. तिथून रानडुकरं शिरतात. सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत आणि ती सगळी माझ्यासारखीच शनिवारी-रविवारी कुठे कुठे गेलेली असतात. समुद्र दिसणारी जागा म्हणून बंगल्यांचे प्लॉट पाडणारा एक माणूस वर्षभर खेपा घालतोय. मी बाबांना सांगितलं होतं, की गडग्याचं सोडा, काँक्रीटची भिंत घालू, पैसे मी पाठवतो. ते म्हणाले, पाणी जायचं कुठून?

त्यांनी फोटोत समुद्र पाहिला नाही. घरंही नाहीत. बोटांनी तुमची पाठ मोठी केली, मग तुमच्या हातातला दगड मोठा केला, आणि मला पहिलाच प्रश्न, “हा गडगा कोणी घातलान?” मी म्हटलं, ते आजोबाच घालत होते. “आणि तू काय करत होतास?” मी म्हटलं, फोटो काढत होतो. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग म्हणाले, माणूस जाणता आहे, विचार त्याला.

तर आजोबा, तक्रारी सोडा. बाबांचे तीन प्रश्न आहेत, ते जसेच्या तसे लिहितो. भिंत मागच्या बाजूला किती कलती धरता? पायाचा दगड आडवा घालता की खोल उभा? आणि कपच्यांची भर एकेका थराबरोबर चढवता की भिंत पुरी झाल्यावर मागून टाकता? मी तुमच्यापासून तीस पावलांवर तासभर उभा होतो, पण यातलं काही माझ्या लक्षात नाही. फोटो नीट पाहिले, सतरापैकी एकातही तुमचे हात स्पष्ट दिसत नाहीत.

बाबांनी दगड काढून एका बाजूला रचून ठेवलेत. मदतीला गडी मिळत नाही, म्हणून रोज सकाळी एकटेच हातभर काम करतात. उत्तर इटालियनमध्ये चालेल, चित्र काढून पाठवलंत तर उत्तम. फक्त लवकर पाठवा. मृग ७ जूनला लागतो.

आपला,
पांढरी टोपीवाला