‘झोपेत डॉलर’ शिकवणाऱ्या सरांना खुले पत्र

सर,

तुमचं नाव मी लिहिणार नाही. तुमचे विद्यार्थी तुम्हाला सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. कोणत्या साइटवर स्टॉक फूटेज जास्त विकलं जातं, याची तुलना करणारा तुमचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन बसलो. माझ्या भाच्याने तो त्याआधी कितीतरी वेळा पाहिला होता, तुमच्या कोर्सची फी भरली होती आणि हप्त्यांवर कॅमेरा, लेन्स, गिम्बल असं सगळं उचललं होतं. त्याच्या आईने मला फोन केला तेव्हा ती रडत होती.

तुमच्या तक्त्यात पाच साइट आहेत आणि पाच आकडे. सगळे एकाच महिन्याचे. तो महिना कोणता, ते झाकलेलं. त्या साइटवर तुमच्या क्लिपा किती आहेत, तेही झाकलेलं. पाचशे क्लिपांची कमाई आणि पाच हजार क्लिपांची कमाई तुम्ही शेजारी शेजारी मांडलीत आणि खाली बाण काढून ‘ही बेस्ट’ लिहिलंत. आमच्या गल्लीतला किराणावालासुद्धा वजन सांगितल्याशिवाय भाव सांगत नाही. तुमच्या हातून हे नजरचुकीने झालं असं मला म्हणता येत नाही. नजरचूक असती तर नेमके तेच दोन रकाने झाकायचं सुचलं नसतं.

बरं, ज्या पाच दुकानांची तुम्ही स्पर्धा लावलीत, त्यांचे मालक कोण? पाँडफाइव्ह मे २०२२ मध्ये शटरस्टॉकने २१ कोटी डॉलरला विकत घेतलं. व्हिडिओहाइव्ह ज्या एन्व्हाटोचं, ती एन्व्हाटोही २०२४ मध्ये शटरस्टॉककडे गेली. आयस्टॉक २००६ पासून गेटीचं आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉकने एकत्र येण्याचा करार जाहीर केला. उरलं अडोबी स्टॉक. म्हणजे तुम्ही पोरांना एकाच वाड्याचे दरवाजे मोजायला बसवलंत आणि बाजारपेठ दाखवली असं सांगितलंत. माल विकणाऱ्याला हे कळायलाच हवं, कारण एका मालकाने दर बदलला की त्याच्या सगळ्या दुकानांत बदलू शकतो.

दराचंच घ्या. शटरस्टॉक पूर्वी व्हिडिओवर सरसकट ३० टक्के द्यायचं. जून २०२० मध्ये पायऱ्या आल्या: सगळ्यात खाली १५ टक्के, सगळ्यात वर ४०. आणि दर १ जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा पहिल्या पायरीवर. वर्षभर चढलेला माणूस डिसेंबर संपला की तळाला. त्या वेळी जगभरच्या छायाचित्रकारांनी आपल्या क्लिपा काढून घेतल्या, निषेध केला. तुमच्या तीन तासांच्या कोर्समध्ये ही १ जानेवारी एकदाही येत नाही. अडोबी व्हिडिओवर ३५ टक्के देतं. ८० डॉलरला गेलेल्या एका क्लिपवर हा फरक १२ डॉलर आणि २८ डॉलर इतका पडतो. आणि ८० डॉलरला क्लिप जातेच कुठे रोज? गिऱ्हाईक वर्गणीदार असेल तर ज्या रकमेवर टक्के लागतात ती रक्कमच मुळात लहान होते. तुम्ही नवख्या पोरासमोर फक्त टक्के नाचवलेत.

कराचा फॉर्मही तुम्ही सांगितला नाहीत. डब्ल्यू-एट-बेन भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर तिथेच ३० टक्के कापले जाऊ शकतात. भरला तर दोन देशांतल्या करारामुळे १५. भाच्याच्या पहिल्या कमाईतून ३० कापले गेले. त्याला वाटलं, साइटचा काहीतरी चार्ज असेल.

आता एका क्लिपची गोष्ट सांगतो. गेल्या हिवाळ्यात पहाटे आम्ही दोघं पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणात चिपाडं ढकलली जात होती, काहिलीत रस उकळत होता, वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढत होता. वाफेने लेन्स सारखी धुरकट व्हायची. पोराने गळ्यातला मफलर काढला आणि दर अर्ध्या मिनिटाला पुसत राहिला. काहील एकदाच उतरते, ‘पुन्हा एकदा ओता’ म्हणता येत नाही. पाक वाफ्यात पडला आणि त्याच्यावर सकाळचं पहिलं ऊन आलं. अकरा सेकंद. पोराचा हात हलला नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

मग रिलीज फॉर्म. माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याच्या सहीशिवाय ती क्लिप जाहिरातीसाठी विकता येत नाही, फक्त बातमीपुरती जाते. फॉर्म इंग्रजीत. गुळव्याने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “हे कशाला रं सही? माझं काय जातंय ह्यात?” पोराकडे उत्तर नव्हतं, कारण तुम्ही त्याला हा फॉर्म काय असतो तेच शिकवलेलं नव्हतं. मी खाली बसून त्याला एकेक ओळ मराठीत सांगितली, तेव्हा त्याने सही केली.

घरी येऊन कलर, कीवर्ड, पाच ठिकाणी अपलोड. रात्र गेली. आठ महिन्यांत ती क्लिप एका साइटवर दोनदा विकली गेली, दुसरीवर एकदा, उरलेल्या तिन्हींवर एकदाही नाही. एवढ्यावरून कोणती साइट चांगली हे मला सांगता येणार नाही. बारा वर्षं मी हे काम करतोय, तरी नाही. एकच माल, एकाच दिवशी, सगळीकडे चढवून दोन-तीन वर्षं थांबायचं, एका क्लिपमागे वर्षाला काय हातात पडलं ते काढायचं, त्यातून पेट्रोल, हार्ड डिस्क आणि कॅमेऱ्याचा हप्ता वजा करायचा, तेव्हा कुठे तुलनेची सुरुवात होते. आणि तोवर दर बदललेला असतो.

या धंद्यात पैसा नाही असं मी म्हणत नाही. माझ्या घराच्या स्लॅबमध्ये या पैशाच्या सळया आहेत. पण ढग, समुद्र, सूर्यास्त असले शॉट काढायला तुम्ही आजही सांगता! पेक्सेल्स आणि पिक्साबेवर हे ढिगाने फुकट पडलंय, आणि आता तर नुसतं वाक्य टाइप केलं की संगणक ढग काढून देतो. गुऱ्हाळावरचा तो पाक, ते ऊन, त्या माणसाचे भाजलेले हात, हे मिळवायला पहाटे चारला उठावं लागतं. ते तुमच्या कोर्सच्या नावात बसत नाही.

म्हणून सरळ मागतो. त्या तक्त्यावरची पट्टी काढा. महिना दाखवा, क्लिपांची संख्या दाखवा, पहिली क्लिप चढवल्याची तारीख दाखवा. आणि तुमच्या एकूण कमाईत फूटेजचे किती आणि कोर्सच्या फीचे किती, हा सहावा रकाना जोडा. तो जोडायचा नसेल तर ज्यांनी फी भरली त्यांना ती परत करा. माझ्या भाच्यापासून सुरुवात करा. त्याचा पुढचा हप्ता ५ तारखेला आहे.

एक फूटेजवाला,
कोल्हापूर