मी आलो गं!

पुण्याहून निघालेली एसटी तावडे हॉटेलपाशी वळली की मी पिशव्या आवरायला घेते. या हॉटेलात मी जन्मात कधी चहा प्यायलेली नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला त्याचं गाव तिथून सुरू होतं. तिथून पुढे कावळा नाका, आणि नाक्यावर घोड्यावर बसलेली ताराराणी. यंदाही तिला बसच्या खिडकीतून नमस्कार केला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं पोचलीस?"

"ताराराणीपाशी."

"मग मी यायलोय. स्टँडवर पेपरवाल्याजवळ थांब की. उन्हात उभी राहू नको, मी गाडी काढलो."

यायलोय, काढलो. आवाज बाईचाच होता, माझ्या मैत्रिणीचा. बाई साठीची, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, आणि विषय मराठी. कर्त्याचं लिंग बदललं की क्रियापदाचं रूप बदलतं, हे तिने तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. जी पोरं चुकली त्यांच्याकडून ते वाक्य पाच-पाच वेळा लिहून घेतलं. मग घंटा झाली की खडू ठेवून, "चला, मी जेवायला जातो," म्हणून ती वर्गाबाहेर पडत असे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोल्हापुरात बायका "मी आलो, मी जेवलो, मी झोपतो" असं बोलतात. माझी आजी तशी बोलायची, आई बोलायची, मीही बोलायचे. शेजारच्या कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' यांना एकच रूप आहे, तिथून हे आलं असेल, असं मी एकदा मैत्रिणीला समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिचा सिद्धांत वेगळा आहे. "सातशे मैलांवरून चालून आलेल्या औरंगजेबाला सात वर्षं झुंजवलं ताराराणीनं. ती काय 'अहो, मी जरा लढाईला जाऊन येते हं' म्हणून निघत असंल?" मैल तिने मनानेच घातले. सात वर्षं मात्र खरी आहेत, १७०० ते १७०७.

लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी हाक मारली आणि मी आतून "आलो, आलो!" म्हणाले. त्या बाहेर पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मागच्या दाराने कुणी पुरुषमाणूस आला. मग सगळ्यांनी मिळून माझं व्याकरण दुरुस्त केलं. वर्षभरात माझी भाषा शुद्ध झाली आणि माझ्या मिसळीत पोहे आले. दोन्ही साधारण एकाच सुमाराला.

मैत्रिणीचं नाव मी इथे लिहिणार नाही, ही तिची अट आहे. त्याला कारणही तसंच आहे. तिला साखर आहे. आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. किती आहे ते फक्त तिला आणि तिच्या डॉक्टरांना. मी गावात असले की आम्ही चार दिवस जे काही करतो, ते घरच्यांनी वाचणं बरं नव्हे. तेव्हा तिला इथे नुसतं 'बया' म्हणते. मी तिला तसंही बयाच म्हणते.

बया स्टँडवर आली ती ॲक्टिव्हावरून. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. मी बॅग पुढे ठेवली आणि साडी सावरत एका बाजूला बसायला गेले.

"असं बसणार हैस? मिरजकर तिकटीला एक वळण घेतलं तर कुठं पडशील सांगता येणार न्हाई. दोन्हीकडं पाय टाक की."

"साडी आहे गं."

"मग मी काय न्हेसलोय, बर्म्युडा?"

दोन आज्या दोन्हीकडे पाय टाकून उद्यमनगराच्या दिशेने निघाल्या. मी घरी आधी बॅग ठेवूया म्हणाले, तर तिने आरशातून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उरलेला रस्ता गप्प बसले. साडेनऊ वाजले होते. मिसळ काय दुपारपर्यंत आपली वाट बघत बसते?

कोल्हापुरी मिसळीबद्दल इतकं लिहून झालंय की मी दोनच गोष्टी सांगते. एक, तिच्याबरोबर स्लाईस ब्रेड येतो. गोल पाव पुढे आला की समजायचं, मालक बाहेरगावचा. दुसरी, वरून ओततात त्याला 'कट' म्हणतात आणि कट मागताना लाजायचं नसतं. बयाने मला सांगितलं की डॉक्टरांनी मटकी चालेल म्हणून सांगितलंय, कडक मनाई आहे ती ब्रेडला. एवढं सांगून तिने ब्रेडचे सहा स्लाईस संपवले. सातवा माझ्या ताटलीतला होता. मला पहिल्या घासाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं. शेजारच्या टेबलावरच्या शाळकरी पोराने माझ्याकडे पाहून स्वतःचा कट भुरका मारून प्यायला. तो नुसताच पीत नव्हता, मला दाखवत होता.

"पुण्याला दिली की तुला," बया म्हणाली, "तवाच माझ्या लक्षात आलंतं."

बाहेर पडल्यावर मी तिला साखरेचं विचारलं. ती म्हणाली, "सध्या इशारा पातळीच्या वर हाय. धोक्याला अजून दोन फूट हाईत."

हे कोल्हापूरबाहेर कळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे कुणी "कसे आहात?" असं विचारत नाही. "किती फूट?" असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर म्हाताऱ्यांनासुद्धा रात्री झोपेतून उठवून विचारा, फूट आणि इंच सांगतील. बयाने आपलं सगळं आरोग्य या मापावर बसवलंय. रक्तदाब, साखर, सुनेचा राग, सगळं फुटात. आणि तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, हे राधानगरी धरण. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणी हुकूम द्यावा लागत नाही. दाजींचंही तसंच आहे. "आज तिसरा दरवाजा उघडलाय," असं ती हळूच फोनवर सांगते, तेव्हा आम्ही त्या दिवशी तिच्या घराकडे फिरकत नाही.

देवळात गेलो. अंबाबाईचं मुखदर्शन घेतलं, कारण रांग महाद्वार रोडला टेकायला आली होती. बया देवीसमोर डोळे मिटून बरंच काही पुटपुटली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझ्यासाठी मागितलं. माझ्यासाठी सोमवारी मागतो, मंगळवारी रक्त तपासायचं हाय."

आता संध्याकाळची गोष्ट. गेली दहा-बारा वर्षं मी कोल्हापूरला येते ती खरं म्हणजे त्यासाठीच, पण पुण्यात तसं सांगितलं तर लोक काळजीने बघतात. गंगावेशीत दूध कट्टा आहे. संध्याकाळी गवळी तिथे म्हशी आणून उभ्या करतात. भर रस्त्याकडेला. रिक्षा, सायकली, केएमटीची बस, आणि मध्ये काळ्याशार, निवांत म्हशी, जणू त्यांच्याच वाड्यात बाकीच्यांनी विनापरवाना रस्ता काढलाय. तुम्ही जायचं, गवळी तुमच्यासमोर बसणार, धार काढणार आणि फेसासकट ग्लास तुमच्या हातात देणार.

आम्ही गेलो तेव्हा एक म्हस पान्हावायला तयार नव्हती. गवळ्याने रेडकू आणून तिच्याजवळ उभं केलं, तिच्या मानेवरून हात फिरवला, कानात काहीतरी म्हणाला. म्हस माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होते. दोघींनाही घाई नव्हती.

"मावशी, जरा बाजूला सरा," गवळी मला म्हणाला. "नवीन माणूस बगून बुजतीय."

"नवीन न्हाई हो," बया पुढे सरसावली. "इथलीच हाय. पलीकडच्या गल्लीत माहेर हाय तिचं."

गवळ्याने मला खालीवर पाहिलं. ते म्हशीलाही पटवून द्यायला हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी चार पावलं मागे झाले आणि म्हशीने पान्हा सोडला. आमच्या पुढे तालमीतला एक पोरगा होता, मान आणि खांदा यात फरक नसलेला. त्याने लिटरचं माप सरळ तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं ते रिकामंच. मग आमची पाळी आली. धारोष्ण दूध हे 'कोमट' या शब्दात बसत नाही. ते अंगाच्या उबेचं असतं, आणि ते अंग समोर उभं राहून शेपटी हलवत असतं. पुण्यात मी दूध कात्रीने उघडते. इथे त्याला तोंड, डोळे आणि स्वतःचं मत असतं.

बयाने फेसाची मिशी न पुसता गवळ्याची चौकशी सुरू केली. म्हशीला काय घालता? सरकी, पेंड, ओली वैरण. कुठली? हिकडचीच, करवीरमधली. पोरगी शाळेत जाते का? जाते. कितवीला? आठवीला. मराठीत किती पडले? इथे गवळी जरा चाचरला. बयाने तिथल्या तिथे, म्हशीच्या पाठीवर हात टेकून, त्याला सांगितलं की रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्या. तो "व्हय बाई" म्हणाला. आणखी एक ग्लास त्याने पैसे न घेता दिला. तो तिनेच प्यायला.

"हे तरी चालतं का तुला?"

"दुधात कुठं साखर असती?" मराठीची शिक्षिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खासबागेत भेळ खाल्ली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान आत, आणि बाहेर आम्ही दोघी भेळेशी झटापट करत. तिथून पाठीमागे गेलो. पाठीमागे केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये ते उभं राहिलं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. एका भिंतीपलीकडे कुस्ती, अलीकडे नाटक, आणि राजाला दोन्हींचा षोक. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती.

आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहिलो. शाळेच्या गॅदरिंगला याच रंगमंचावर बया शिवाजी झाली होती आणि मी तिच्यामागे भाला धरून उभा असलेला मावळा. मला एकच वाक्य होतं, "जी महाराज." ते मी विसरले होते. तेव्हा शिवाजी महाराजांनी मागे वळून, प्रेक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "जी म्हण की गं!" म्हणून मला आठवण करून दिली होती. सगळं थिएटर हसलं होतं. त्या रात्री टीव्हीवर छपरातून ज्वाळा दिसल्या तेव्हा तिने मला फोन केला होता. दोघीही काही बोललो नव्हतो. नुसता फोन कानाला धरून बसलो होतो, ती तिथे, मी पुण्यात. आता पुन्हा बांधायचं काम सुरू झालंय. होईल म्हणतात. बया म्हणाली, "झालं की पयल्या प्रयोगाला तू ये. आणि तुझं वाक्य पाठ करून ये."

रंकाळ्यावर तर आम्ही रोजच गेलो. घरी "चालायला जातो" म्हणून सांगायचं, आणि दाजी समाधानाने मान हलवायचे. चालणं झालं ते गाडी लावल्यापासून बाकड्यापर्यंत. भाजक्या शेंगांची पुडी दोघींत एक, टरफलं तिच्या रुमालात, कारण ती अजून शिक्षिका आहे. केंदाळाला शिव्या, महापालिकेला शिव्या, वर्गातल्या एकेकीचा हिशोब. कोण आजी झाली, कोण अमेरिकेत नातवंडं सांभाळतेय, कोण गेली. गेलेल्यांपाशी ती थोडा वेळ थांबायची आणि मग म्हणायची, "चल, आइस्क्रीम खाऊया."

चौथ्या दिवशी दाजींनी मला विचारलं, "काय, आमच्या बाईसाहेब पथ्य पाळतात की न्हाई?" मी म्हणाले, "पाळतात की. मी स्वतः बघितलोय." बया स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातला चमचा खाली पडल्याचा आवाज आला. खोटं बोलले म्हणून नव्हे. 'बघितलोय' म्हणाले म्हणून.

निघताना स्टँडवर तिने माझ्या हातात एक जड पिशवी दिली. डंकावरून कुटून आणलेली चटणी, संकेश्वरी मिरचीची. "पोह्यावर घालून खा," म्हणाली. बस हलली तेव्हा ती ओरडली, "पोचलीस की फोन कर, मी जागा असतो!"

रात्री स्वारगेटला उतरून मी घरी फोन केला.

"पोचलो. आत्ताच उतरलो. रिक्षा बघतो आणि येतो."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग यजमानांनी विचारलं, "बरोबर कोण आहे?"

बरोबर दोन किलो चटणी होती.