दोन मिनिटांच्या उड्डाणाचे अंकगणित

अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, असे शालेय अंकगणित सांगते आणि लांबच्या विमानप्रवासात ते बहुतांशी खरेही ठरते. परंतु स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात, वेस्टरे आणि पापा वेस्टरे या बेटांच्या दरम्यान, हा नियम लावू पाहणाऱ्याची पंचाईत होते. दोन्ही विमानतळांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर, म्हणजे एडिंबराच्या धावपट्टीच्या लांबीहून किंचितच अधिक आहे. येथे ये-जा करणारे आयलँडर हे दोन इंजिनांचे चिमुकले विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जाऊ शकते, तेव्हा ४० सेकंद पुष्कळ झाले; वेळापत्रकात मात्र २ मिनिटे छापलेली असतात.

या तफावतीचे कारण असे की विमानशास्त्र उड्डाणाचे आरोहण, समतल उड्डाण आणि अवतरण असे तीन टप्पे मानते आणि त्यांपैकी मधला टप्पा येथे केवळ पाठ्यपुस्तकाचा मान राखण्यापुरता उरतो, कारण विमान पूर्ण वेग गाठण्याच्या बेतात असतानाच समोर दुसरे बेट येऊन ठेपते. शिवाय वेळापत्रक ज्याच्या आधारे आखतात तो ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा काळ, त्यात जमिनीवरची धावाधावही धरलेली असते. प्रत्यक्ष उड्डाण साधारण दीड मिनिटाचे असते, आणि स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने तर ते ५३ सेकंदांत आटोपल्याची नोंद आहे. अशा मार्गावर एका मिनिटाचा उशीर म्हणजे पन्नास टक्के विलंब होय, याची दखल वक्तशीरपणाच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी. सुरक्षेच्या सूचना कोणी सावकाश वाचून दाखवू लागला, तर त्या हवेत सुरू होऊन जमिनीवर संपतील.

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला, हा प्रश्न नकाशा पाहणाऱ्याला पडतो, तेथे राहणाऱ्याला पडत नाही. १९६७ पासून चालू असलेली ही सेवा खरे तर किर्कवॉल या ऑर्कनीतील मुख्य गावापासून निघणाऱ्या फेरीचा एक तुकडा आहे: विमान एका बेटावर उतरते, उरलेल्या प्रवाशांना घेऊन दुसऱ्यावर जाते. पापा वेस्टरेची लोकसंख्या शंभराच्या आत असल्याने तेथे पूल बांधणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, आणि बोट असली तरी उत्तरेकडचा समुद्र शिक्षकांची वा डॉक्टरांची सोय पाहून खवळत नाही.

पर्यटकांचे गणित याहून निराळे. किर्कवॉलहून पापा वेस्टरेला थेट विमानानेही जाता येत असताना, जगातील सर्वांत छोटे नियमित उड्डाण पदरी पडावे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून ही मंडळी वेस्टरेमार्गे जाणारी फेरी हुडकून काढतात आणि दोन मिनिटांसाठी आपला प्रवास मुद्दाम लांबवतात.