लिमिट वाढवा न भाऊ!

बुलढाणा जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत उघड्या फायलींना मर्यादा नाही. टेबलावर, कपाटावर, जिन्याखाली. बंद मात्र एकही होत नाही. लिनक्सला एवढी दिलदारी परवडत नाही. एका प्रोसेसला तो सहसा 1024 फायली उघडू देतो आणि नेटवर्कचं प्रत्येक कनेक्शनही त्यातच मोजतो. कोटा संपला की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणून हात वर.

मग तज्ज्ञ येतात. पहिला उपाय रीस्टार्ट. चहा येईपर्यंत सगळं सुरळीत, म्हणून बिलही लगेच. दुसऱ्या खेपेला लिमिट्स.कॉन्फमध्ये 65535 लिहायचं. हाच आकडा का, ते विचारू नये. सगळे तोच लिहितात. गंमत म्हणजे सिस्टमडीने चालवलेली सेवा त्या फायलीकडे ढुंकूनही बघत नाही. तिला स्वतःच्या युनिटमध्ये ‘लिमिटनोफाइल’ लागतं. पण हुकूम निघाला, एवढं पुरे. तो जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत पोचला का, हे बघायची आपली रीत कुठे आहे? नाहीतर लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नावे खरा आकडा लिहिलेलाच असतो.

उघड्या फायलींची यादी देणारं एलएसओएफ कोणी चालवलंच, तर एकच लॉग शेकडो वेळा उघडलेला दिसतो. प्रोग्रॅमरने उघडला, बंद करायचा राहिला. त्याला विचारा, तो म्हणणार, “लिमिट वाढवा न भाऊ!”

वाढवून दिली. आता सर्व्हर रोज नाही, पंधरवड्याने बंद पडतो. याला अहवालात ‘लक्षणीय सुधारणा’ म्हणतात.