ऐनवेळच्या विषयांची पूर्वतयारी

गृहनिर्माण सोसायटीने वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी, असं सहकार कायदा सांगतो. ती कशी घ्यावी हेही उपविधींत आहे: चौदा पूर्ण दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश सभासद किंवा वीस यांपैकी जी कमी ती गणपूर्ती, विषयपत्रिका, इतिवृत्त. जमलेल्यांनी शहाण्यासारखं बोलावं यासाठी काय करावं, याबद्दल मात्र 1960 चा कायदा आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या मिठाची गुळणी धरून आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरातल्या तमाम चेअरमन-सेक्रेटरींपुढे पुढील मार्गदर्शन सादर आहे. पश्चिमेच्या मंडळींनीही ते वापरायला हरकत नाही, फक्त स्टेशनचा पूल ओलांडावा लागेल.

पहिला प्रश्न वेळेचा. गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी भरेल आणि मग तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही, हे नोटिशीतलं शेवटचं वाक्य प्रत्येक सभासद सगळ्यात आधी वाचतो. त्यामुळे दहाची सभा साडेदहाची असते, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. अननुभवी सेक्रेटरी हा अर्धा तास चरफडत काढतो. मुरलेला सेक्रेटरी त्या वेळात चहा ठेवतो आणि खिशात वही घेऊन घोळक्या-घोळक्यातून फिरतो. लिफ्टच्या कंत्राटदाराने गेल्या खेपेला जुनाच दोर परत कसा बसवला, पंप रात्री किती वाजता बंद पडतो, कोणाच्या भाडेकरूची नोंद नाही, हे सगळं याच अर्ध्या तासात कळतं. तेच लोक साडेदहानंतर माइकसमोर आले की "कारभारात पारदर्शकता हवी" एवढंच बोलून बसतात.

माइक वायरचाच असावा आणि वायर आखूड असावी. याहून जास्त सांगायची गरज नाही.

यानंतर येतात ते प्रतिनिधी. "मी माझं सांगत नाही, सगळे म्हणतात" अशी यांची सुरुवात असते. "सगळे" म्हणजे कोण, हे विचारल्यावर बी विंगच्या दिशेने मोघम हात जातो. वास्तविक सोसायटीच्या सभेला मुखत्यार पाठवता येत नाही, असं आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि मुखत्यारीच करायची हौस असेल तर तिचीही जुनी शिस्त आहे. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासदाला निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे, तेव्हा कुठे त्याला त्यांच्या वतीने तोंड उघडता येई. चेअरमनने अशा वक्त्याला अत्यंत आदराने विचारावं, "काका, मुखत्यारपत्र आणलंय का? पन्नास राहू द्या, पाच सह्या चालतील." काका बहुधा रागावतात. पण मग स्वतःचं म्हणणं सांगतात, आणि ते बरंच ऐकण्यासारखं असतं.

ताळेबंदाचा विषय आला की खर्चाची एक गंमत हमखास दिसते. लिफ्ट बदलण्याचे लाखो रुपये एका दमात मंजूर होतात आणि सत्यनारायणाच्या प्रसादाच्या तुपावर पाऊण तास जातो. हा दोष कुर्ल्याचा नव्हे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1950 च्या दशकात एका काल्पनिक समितीचं वर्णन केलं होतं. तिथे अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास खल चालतो. कारण उघड आहे. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेडचा पत्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुपाचा भावही सगळ्यांना ठाऊक असतो. चतुर सेक्रेटरीने दरवर्षी विषयपत्रिकेत असा एक विषय मुद्दाम घालावा, वॉचमनची खुर्ची लाकडी घ्यावी की प्लॅस्टिकची, आणि तो सर्वांत शेवटी ठेवावा. वर ठेवला तर खुर्ची येईल, ताळेबंद राहील.

लिकेजबद्दल एकच सूचना आहे. कोणताही विषय पुरेसा वेळ चालला की तो लिकेजवर येतो, म्हणून लिकेजचे छापील अर्ज दारातच वाटावेत.

खरी परीक्षा पुनर्विकासाची. त्यासाठी वेगळी विशेष सर्वसाधारण सभा लागते. नेहरूनगर ही म्हाडाची वसाहत असल्याने इथे विकास नियंत्रण नियमावलीतलं 33(5) तोंडपाठ असलेले लोक रिक्षा स्टँडवरही भेटतात. 4 जुलै 2019 च्या 79(अ) निर्देशांनुसार सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, विकासक निवडताना निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर हवा, आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती हवी. इतका बंदोबस्त असूनही चर्चा मात्र "कार्पेट किती देणार?" याच्यापुढे सरकत नाही.

समजा, विकासकाचा माणूस लॅपटॉप घेऊन उभा आहे. पडद्यावर बावीस मजल्यांची इमारत, भोवती नारळाची झाडं, वर कुर्ल्यात न दिसणारं निळं आकाश. तो "लाइफस्टाइल" म्हणतो आणि थांबतो, कारण वरून विमान चाललंय. उतरायला आलेली विमानं कुर्ल्यावरून अशी खालून जातात की इथे वाक्य अर्धवट ठेवून पुन्हा उचलायची सवय सगळ्यांनाच असते. आवाज ओसरतो. तो पुन्हा "लाइफस्टाइल" म्हणणार एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हात वर न करताच बोलतात: "अहो, विमान इतकं खालून जातं. बावीस मजल्यांना एअरपोर्टची एनओसी आलीय का?"

"प्रोसेसमध्ये आहे, मॅडम."

"म्हणजे नाही आली."

दर्जेदार सहभाग म्हणतात तो हा. प्रश्न स्वतःच्या खिडकीतून आलेला आहे, एका वाक्याचा आहे, त्याला हो किंवा नाही असं उत्तर आहे, आणि ते तपासता येतं. विमानतळ प्राधिकरणाचा रंगांनी विभागलेला नकाशा सर्वांना पाहायला खुला आहे. त्यात कुठल्या पट्ट्यात किती उंची चालेल ते दिलेलं असतं. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, जमिनीपासून नव्हे, म्हणून जमीन समुद्रसपाटीपासून जितकी वर तितकी उंची आधीच वजा होते. बावीस मजल्यांचे अठरा झाले की कार्पेटचं सगळं गणित खाली येतं. पाच मिनिटांत काकूंनी सोसायटीची दोन वर्षं वाचवली असतील.

आता चेअरमनने काय करू नये, हे नीट लक्षात घ्यावं. त्याने "फार चांगला मुद्दा मांडलात, वहिनी, तर मग हे काम तुम्हीच बघा ना" असं म्हणू नये. मुंबईतल्या सोसायट्यांत चांगल्या सूचनांचा जेवढा नायनाट या एका वाक्याने केला आहे तेवढा भांडणांनीही केला नसेल. मुद्दा काढणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हे एकदा दिसलं की पुढच्या वर्षी तिसरा मजलाच काय, चारही मजले खाली मान घालून बसतात. काम कमिटीने करायचं. काकूंना फक्त उत्तर कधी मिळेल ती तारीख सांगायची आणि त्या तारखेला ते द्यायचं.

काही माहिती मागितल्याशिवाय येतच नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचं पाणी कुर्ल्यात घुसलं, तेव्हा मीटरची पेटी कुठवर बुडाली होती हे तळमजल्यावरच्या आजोबांना बोटभर फरकाने ठाऊक असतं. नव्या इमारतीची विजेची खोली तळघरात दाखवली आहे, हे त्यांना नकाशात कळत नाही. नकाशा वाचणाऱ्या इंजिनिअर पोराला 2005 आठवत नाही, कारण तो तेव्हा बालवाडीत होता. दोघांना शेजारी बसवावं. "कोणाला काही विचारायचंय का?" या सरसकट हाकेला आजोबा ओ देणार नाहीत, "आजोबा, पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारलं की ते उठून भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

शेवटी इतिवृत्त. "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" या वाक्यात सविस्तर चर्चा सापडल्याचं उदाहरण नाही. त्याऐवजी कोणी काय विचारलं, काय उत्तर मिळालं आणि काय बाकी राहिलं, हे नावानिशी लिहावं आणि कच्चा मसुदा सभासदांकडे पाठवावा. स्वतःचा प्रश्न स्वच्छ शब्दांत छापलेला पाहिला की माणूस पुढच्या सभेला घरून तयारी करून येतो. सूचक आणि अनुमोदक म्हणून मात्र कोणाचीही नावं उदारपणे घालावीत. काही सभासद तेवढ्यासाठीच आंघोळ करून आलेले असतात.

समोशांची पाकिटं ठराव संपल्यावरच काढावीत. आधी वास सुटला तर 51 टक्के मोजायला माणसं उरत नाहीत. आणि व्हिडिओवाल्यासाठी एक पाकीट वेगळं ठेवावं, नाहीतर मतदान चालू असताना तोच कॅमेरा ठेवून रांगेत उभा राहतो.